सहाचे टोल



मागच्या वेळी लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहिलं होतं आणि पुढच्या लेखात उन्हाळी कामं घेईन असं कबूल केलं होतं. ती राहिली. उन्हाळ्यात आमच्या घरी एक प्रकार घडला. त्यात चूक कुणाची होती, हे कळायला मला दोन आठवडे लागले. आज तेच लिहिते.

आमच्या जळकोटच्या घरात ढाळजेत मामंजींच्या वेळचं चावीचं भिंतीवरचं घड्याळ आहे. लाकडी पेटी, काचेचं दार, आत पितळी लंबक. मामंजी दर रविवारी दर्शनाहून आले की टोपी न काढता आधी चावी द्यायचे. तबकडीवर दोन भोकं, एक चालण्याचं आणि एक टोलांचं. मामंजी गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

सासूबाई आता एक्याऐंशीच्या आहेत. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली. उजेड-अंधार कळतो, पण दिवस मावळतीला आला की खोलीतल्या अंधारात त्यांना काही अंदाज येत नाही. त्यांचं रात्रिभोजन त्यागाचं व्रत लग्नाआधीपासूनचं, आणि पाण्याचा थेंबसुद्धा सूर्यास्ताच्या आतच. म्हणून त्यांचा सगळा दिवस त्या टोलांवर बांधलेला आहे. सहाचे टोल पडले की त्या हाक मारतात, "वाढ गं." मग मी ताट नेते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी चुलत जावेकडे शेवया करायला गेले होते. हे दुकानात. घरी सासूबाई आणि माझी धाकटी, वय वर्षे तेरा. मी परत आले तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई पलंगावर बसलेल्या. म्हणाल्या, "आज सहाचे टोल ऐकूच आले नाहीत गं. मी वाट बघत बसले." सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटं झाली होती. ढाळजेत गेले तर भिंतीवर नुसती पेटी, आणि खाली वर्तमानपत्रावर घड्याळाचे पन्नास-साठ तुकडे. मधोमध लेक बसलेली, उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं. कमान सुटून चावी गर्रकन उलटी फिरली होती आणि बोटांवर बसली होती.

सासूबाईंनी शेवटचं पाणी तीन वाजता घेतलं होतं. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यांनी एका शब्दानं कुणाला दोष दिला नाही. णमोकार म्हणत पडून राहिल्या. सूर्योदयानंतर दोन घडी झाल्यावर, म्हणजे सकाळी साडेसहाच्या पुढे, त्यांच्या तोंडात पाणी गेलं. पंधरा तासांच्या वर झाले होते. उठताना त्यांना घेरी आली, मी धरलं म्हणून बरं.

त्यानंतर मी लेकीला जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहीत नाही, लाज वाटते. पण त्यातलं एक वाक्य लिहायलाच हवं, कारण सगळा लेख त्या वाक्यावरच आहे. मी म्हणाले, "मुलीच्या जातीला कशाला हवेत हे पेचकस आणि पकडी?"

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादानं मिक्सर खोलला तेव्हा तू पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत होतीस."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं आमचा मिक्सर खोलला, तो पुन्हा जोडला गेलाच नाही, नवा आणावा लागला. आम्ही सगळ्या बायका हसत होतो, "हा इंजिनिअर होणार बघा." मिक्सर मोडला तर इंजिनिअर आणि घड्याळ खोललं तर मुलीची जात!

तरीही मी लगेच नमले असं नाही. माझ्यापाशी मुद्दा होताच, सासूबाईंचा उपास. तो काही खोटा नव्हता.

घड्याळावरून आणि सूर्यास्तावरून मला मुंबईच्या राजाबाई टॉवरची गोष्ट आठवली. आपल्यापैकी बऱ्याच जणी मुंबईला गेलेल्या असतील, पण तो मनोरा एका जैन आईच्या नावाचा आहे हे सगळ्यांना माहीत नसतं. प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या आणि शेअर्सच्या व्यापारातलं त्या काळचं मोठं नाव. मुंबई विद्यापीठाला त्यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायला सांगितलं. १८६९ साली पाया घातला, १८७८ साली काम पुरं झालं. उंची २८० फूट. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, संध्याकाळची घंटा ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलानं हे केलं. आख्यायिका असेल. पण आमच्या घरात ती रोज घडते, त्यामुळे मला तिच्यावर विश्वास ठेवायला जड जात नाही. त्यातली "कुणाला न विचारता" ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दिसत नाही अशा बाईला दिवसातून वीस वेळा "किती वाजले गं" असं विचारावं लागणं म्हणजे काय, हे मी त्या पंधरा दिवसांत पाहिलं. विचारून विचारून त्या ओशाळल्या आणि मग विचारायच्याच बंद झाल्या.

मोबाईल आहे ना, असं तुम्ही म्हणाल. ह्यांनीही तेच सुचवलं. त्यात तासातासाला बाई बोलते अशी सोय करून दिली. सासूबाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती एकदम बोलते, मी दचकते. आपलं घड्याळ आधी सांगून मग टोल देतं." मला तेव्हा कळलंच नाही त्या काय म्हणताहेत. पुढे कळलं, ते सांगतेच.

तिसऱ्या दिवशी मी लेकीला आणि तुकड्यांच्या डब्याला घेऊन एसटीनं उदगीरला गेले. तिथे एक म्हातारे घड्याळवाले चाचा आहेत, मामंजी त्यांच्याकडेच घड्याळ न्यायचे. आता त्यांच्याकडे चावीचं घड्याळ महिन्यात एखादं येतं, बाकी सगळं पट्टे बदलणं आणि सेल टाकणं. चाचांनी डबा उघडला, एक चाक उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि वास घेतला. मग विचारलं, "बहू, इसमें खोबरेल किसने डाला?"

मी. मीच घातलं होतं.

दोन वर्षांपूर्वी घड्याळ जरा कुरकुरायला लागलं तेव्हा दाराच्या बिजागरीला घालतो तसं मी त्यात चमचाभर खोबरेल तेल ओतलं होतं. आता तुम्हीच सांगा, थंडीत खोबरेल तेलाचं काय होतं? बाटलीत गोठतं, आपण ती उन्हात ठेवतो. घड्याळातही तेच झालं. त्या थंडीपासून ते दोन दिवस चालायचं आणि थांबायचं, आम्ही लंबक हलवून पुन्हा चालू करायचो. उन्हाळ्यात त्या तेलाचा चिकटा झाला आणि वर धूळ बसली. लेकीनं घड्याळ खोललं ते मस्ती म्हणून नाही. आजीचे टोल कधी पडतात, कधी पडत नाहीत, म्हणून तिनं ते दुरुस्त करायला घेतलं होतं. मोडलं होतं ते माझ्या हातानं, न उघडता, आत काय आहे ते न बघता.

यानंतर मी गप्प बसले आणि चाचांच्या दुकानातल्या बाकड्यावर लेकीच्या शेजारी बसून जे पाहिलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. इतकी वर्षं दर रविवारी चावी देत होते, पण चावी दिल्यावर काय होतं ते कधी मनातही आलं नव्हतं.

चावी दिली की आत पोलादाची लांब पट्टी चकलीसारखी आवळत जाते. ती कमान. तिला उलगडायचं असतं आणि त्या उलगडण्याच्या जोरावरच घड्याळ चालतं. म्हणून चावीचं घड्याळ खोलताना पहिलं काम हे की कमान आधी सावकाश उतरवायची. चावी घट्ट धरून अडकणीचा खटका उचलायचा आणि थोडं थोडं सोडायचं. लेकीनं मोबाईलवर चार चित्रफिती पाहिल्या होत्या, नेमकी ही गोष्ट तिच्याकडून राहिली. चाचांनी तिची बोटं पाहिली आणि स्वतःच्या अंगठ्यावरचा जुना व्रण तिला दाखवला, बस.

कमान मोकळी सोडली तर मिनिटभरात भर्रकन उलगडून जाईल. आठ दिवस पुरवायची तर तिला कुणीतरी अडवायला हवं. कमानीपासून एकात एक चाकं गुंतलेली असतात, मोठ्याचे दाते पुढच्याच्या छोट्या चाकात. त्यामुळे पहिलं चाक मुंगीच्या पावलांनी फिरतं आणि शेवटचं भराभर. त्या शेवटच्या चाकाचे दाते करवतीसारखे टोकदार असतात आणि त्याच्यावर दोन नखांचा एक वाकडा तुकडा डुलत असतो. एक नख दाता अडवतं, दुसरं सोडतं. लंबक इकडे गेला की एक दाता सुटतो, तिकडे गेला की दुसऱ्या बाजूनं अडतो. "टिक" आणि "टाक" म्हणजे त्या नखांवर दाता आपटल्याचा आवाज. मी आजवर समजत होते की लंबक घड्याळ चालवतो. तसं नाही. जोर कमानीचा. लंबक फक्त एकेक दाता मोजून सोडतो, आणि दर वेळी सुटणारा दाता त्याला जाता जाता हलकासा धक्का देतो म्हणून तो थांबत नाही. कुकरची शिट्टी जशी वाफ एकदम न सोडता हप्त्याहप्त्यानं सोडते, तसंच म्हणा ना.

आमचा लंबक वीतभराहून थोडा जास्त. २५ सेंटीमीटर लांबीचा लंबक एकदा जाऊन परत यायला साधारण एक सेकंद घेतो. म्हणजे सेकंदाला दोन ठोके, दिवसाला पावणेदोन लाखांच्या आसपास. सेकंदाला एकच ठोका हवा तर लंबक जवळजवळ एक मीटर लांब लागतो, म्हणून जुन्या इंग्रजी घड्याळांच्या पेट्या माणसाएवढ्या उंच. लंबकाचा हा गुण गॅलिलिओनं ओळखला आणि १६५६ साली हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं त्याच्यावर घड्याळ चालवलं. त्याआधीची यंत्रं दिवसाला पाव तास इकडेतिकडे व्हायची.

लंबकाच्या खाली छोटी चक्री असते. ती फिरवून गोळा वर घेतला की घड्याळ पुढे पळतं, खाली सोडला की मागे पडतं. आमच्या लंबकात एका मिलिमीटरनं दिवसाला जवळजवळ तीन मिनिटांचा फरक पडतो. आणि ऊन! लोखंड तापलं की लांबतं हे शाळेत शिकलो, पण ते आपल्या घरात घडतं हे कुणी सांगितलं नव्हतं. पोलादी काडी असेल तर १० अंश उष्णता वाढली की घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. आपल्याकडच्या थंडीच्या पहाटेत आणि मे महिन्याच्या दुपारीत २५-३० अंशांचा फरक असतो. महिन्याला सहा-सात मिनिटं सहज. मामंजी होळीनंतर चक्री किंचित वर चढवायचे आणि दिवाळीनंतर उतरवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा.

आता सासूबाईंच्या "आधी सांगून"चं. टोलाच्या घड्याळात तास भरायच्या काही मिनिटं आधी एक तार उचलली जाते आणि आतून बारीक "खट्" असा आवाज येतो. टोलांची चाकं सज्ज होऊन थांबतात आणि मिनिटकाटा बारावर आला की सुटतात. मी त्या घरात इतकी वर्षं राहून तो आवाज ऐकला नव्हता. सासूबाईंची माळ त्या खट् ला धरून संपायची. लेक उदगीरहून परतली तेव्हा इडलीच्या साच्यात ओळीनं लावलेले तुकडे घेऊन आजीपाशी बसली (चाचांनी अंड्याचा ट्रे वापरायला सांगितला होता, आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो आणि घरी येऊन जुनं इडलीपात्र काढलं). सासूबाईंनी एकेक तुकडा बोटांनी चाचपला. ती तार हाताला लागल्यावर त्या म्हणाल्या, "खट् करते ती हीच का?" लेकीनं हो म्हटलं. मग त्यांनी ती बराच वेळ हातातच ठेवली.

टोलांचंही एक कोडं सुटलं. तुमच्याकडे जुनं घड्याळ असेल तर तुम्हीही पाहिलं असेल, काटे सातवर आणि टोल चार पडतात. घड्याळ बिघडलं म्हणून आपण ते माळ्यावर टाकतो. ते बिघडलेलं नसतं. टोल मोजणारी एक वेगळी चकती असते, तिच्या कडेला खाचा असतात, एकाच्या टोलाला जवळ आणि बाराच्या टोलाला लांब लांब. त्या चकतीला काटे कुठे आहेत याचा पत्ताच नसतो, ती आपली एकानंतर दोन, दोनानंतर तीन असं म्हणत जाते. आपण काटे घाईनं ढकलले आणि मधले टोल पडू दिले नाहीत की जोडी फुटते. पाठीमागची तार बोटानं उचलून टोल पुढे वाजवत न्यायचे, काट्यांशी जुळले की झालं. मिनिटाचं काम. एकापासून बारापर्यंतचे टोल किती होतात याची लेकीनं बेरीज केली, ७८. दिवसाला १५६. "आई, बारा तासांचे ७८ टोल देण्याएवढा जोर त्या कमानीत रविवारी तूच भरतेस," असं ती म्हणाली. बरं वाटलं ऐकून.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. वेळ घड्याळाची की सूर्याची? आपला नेम सूर्याचा. घड्याळ फक्त त्याची आठवण करून देतं. जळकोटचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या आत होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या आसपास. म्हणजे सहाचा टोल हिवाळ्यात उपयोगाचा नाही, तेव्हा आमच्याकडे पाचचा टोल धरतात. आणि एक महत्त्वाचं. मुंबईहून छापून आलेल्या पंचांगातली सूर्यास्ताची वेळ मुंबईची असेल तर ती आपल्याला चालत नाही. आपण मुंबईच्या पूर्वेला आहोत, आपला सूर्य त्यांच्या सुमारे १७ मिनिटं आधी मावळतो. तिथली वेळ बघून इथे शेवटचा घास घेतला तर तो अंधारात घेतलेला असतो. भारताचं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे, म्हणून जळकोटला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात. १९०६ साली ही देशभराची वेळ सुरू झाली तेव्हा मुंबईकर रागावले होते. त्यांची जुनी वेळ हिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि तिथल्या महानगरपालिकेनं ती पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. घड्याळाची वेळ माणसांनी ठरवून घेतलेली असते, एवढं यातून कळतं. आपल्या दोन घडीचं तसं नाही. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, दिवसाचे ३० मुहूर्त. सामायिकाची बैठक त्यावर, गाळलेल्या पाण्याची मर्यादा त्यावर. पूर्वी लग्नात पाण्यावर तांब्याचं घटिकापात्र ठेवायचे, बुडाला बारीक भोक, भरून बुडालं की एक घटका म्हणजे २४ मिनिटं. त्यात ना कमान ना दाते. पण नीट बघा, विचार तोच आहे. एकदम वाहून जाणारी गोष्ट थेंबाथेंबानं सोडायची आणि मोजायची.

आता माझं मत, ज्यासाठी लिहायला बसले.

आपल्या घरात उघडून बघण्यासारखी यंत्रं फार थोडी उरली आहेत. भिंतीवरचं सेलचं घड्याळ उघडा, आत प्लॅस्टिकची डबी आणि काळा ठिपका. त्यात स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ते अचूक आहे, आमच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच्याकडे कितीही वेळ बघत बसा, काही कळत नाही. चावीचं घड्याळ, शिलाई मशीन, सायकल, ही मंडळी उघडली की आपणहून बोलतात. हे चाक फिरवलं की ते फिरतं, आणि कुठे अडलं ते डोळ्यांना दिसतं. तेरा वर्षांच्या मुलीला कार्य आणि कारण शिकवायला याहून चांगली पाठशाळा मला तरी माहीत नाही. माझ्या लेकीनं काट्यांमागचे दाते मोजले, १० चं चाक ३० च्या चाकाला फिरवतं आणि ८ चं ३२ ला. तीन पट आणि चार पट, मिळून बारा पट, म्हणून मिनिटकाटा बारा वेळा फिरतो तेव्हा तासकाटा एकदा. गणितात तिला बरे मार्क नसतात. हे तिनं कुणी न सांगता काढलं.

जाऊबाईंचं म्हणणं असं की जुनी, मोलाची वस्तू मुलांच्या हाती देऊ नये. हे मला अर्धं पटतं. खोलणं सोपं आहे. खोलायच्या आधी थांबणं अवघड आहे. कमान उतरव, मग हात लाव. प्रत्येक तुकडा कुठून निघाला त्याचं चित्र काढ. आणि आत कुणी राहतंय का ते आधी बघ. आमच्या पेटीच्या कोपऱ्यात कोळी होता, लेकीनं तो रंगाच्या मऊ ब्रशवर घेऊन बाहेर तुळशीच्या कट्ट्यापलीकडे सोडला होता, हे मला नंतर सासूबाईंकडून कळलं. त्यांना ती सगळं सांगत होती, मला नाही. यत्नाचार म्हणजे हात न लावणं असं आपण मुलींना शिकवून ठेवलंय. मी हातही लावला नव्हता, नुसतं वरून तेल ओतलं, आणि घड्याळ माझ्यानं बिघडलं. ज्या मुलीनं आत पाहिलं तिनं निदान कोळी वाचवला.

ज्या घरात कुणाचा तरी दिवस त्या वस्तूवर अवलंबून आहे, तिथे खोलण्याआधी त्या माणसाची सोय लावायला हवी. हे तिचं चुकलं, तिला मी ते सांगितलं, आणि क्षमा तिनं आजीची मागितली. मीही मागितली, दोघींची. क्षमावणीची वाट बघत बसले नाही.

दुरुस्तीचं काही फार लिहिण्यासारखं नाही. चाचांनी सगळी चाकं रॉकेलमध्ये धुतली, दोन भोकं झिजली होती ती बुजवून दिली आणि घड्याळाच्या तेलाची एवढीशी बाटली दिली. तेल फक्त आसांच्या टोकांना, सुईच्या टोकावर मावेल एवढं. दात्यांना अजिबात नाही, तिथे धूळ चिकटते. जोडणी त्यांनी लेकीकडून करून घेतली, दोन खेपांत. पैसे विचारले तर म्हणाले, "शिकने का पैसा नहीं लेता, धोने का दे दो."

भिंतीवर टांगताना शेवटी सासूबाई कामाला आल्या. पेटी किंचित तिरकी असली तर टिक आणि टाक सारखे पडत नाहीत, लंगड्यासारखं चालतं आणि तासाभरात थांबतं. आम्हाला ते डोळ्यांनी कळेना. सासूबाई खुर्ची टाकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अजून उजवीकडे. अजून. आता थांब." ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हे घड्याळ हलून थांबलं होतं. सगळं गाव घराबाहेर बसलेलं. दोन दिवसांनी मामंजींनी ते पुन्हा सरळ केलं तेव्हा कान सासूबाईंचेच होते, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. चालू झाल्याचा आवाज ऐकून शेजारच्या बायका घरात झोपायला धजल्या म्हणे.

आता चावी रविवारी लेक देते. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतंय, ती चक्री रोज कणभर वर घेते आणि वहीत लिहून ठेवते. ढाळजेतल्या खुंटीवर पेचकसांची पिशवी टांगलेली आहे, माझ्या शिलाई मशीनवर तिची नजर आहे. मी तिला एवढंच सांगितलंय की आधी ब्लाऊज शिवून होऊ दे.

काल संध्याकाळी मी कणीक मळत होते. आतून "खट्" ऐकू आलं, मला स्वतःला, पहिल्यांदा. हात धुऊन ताट घेतलं. टोल सुरू झाले तेव्हा मी सासूबाईंच्या दारात उभी होते.